सोळा हजार शब्दांपुरती जागा

६ जानेवारी

प्रिय खुडबुड्या,

सविनय कळवण्यात येतं की माझ्यावर घोर अन्याय झालेला आहे, आणि तो करणारा तू आहेस.

गेले चार दिवस आमच्या संगणकावरचा लिहायचा प्रोग्राम उघडला की कोरं पान येतं. मी खुर्ची पुढे घेते, बोटं मोडते, पहिलं वाक्य जुळवते, आणि तेवढ्यात पान मिटतं. मागे उरते एक चौकट: ‘अनपेक्षित कारणामुळे प्रोग्राम बंद होत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ क्षमस्व! आपल्या खानदानात इतक्या चटकन कोणी माफी मागितल्याचं मला आठवत नाही. जगात लढाया चालू आहेत, माणसं उपाशी आहेत, सगळं मान्य. पण बावन्न वर्षांच्या बाईला तिचं पहिलं वाक्यसुद्धा पुरं करू न देणं, ह्याला कुठल्याही कायद्यात शिक्षा नसावी?

आता तुझा संबंध. त्या चौकटीत ‘तपशील’ असं बटण आहे. दाबलं तर लिहून आलं: ‘बिघाड – शुद्धलेखन तपासणी’, आणि खाली एक ईमेलचा पत्ता. पत्ता वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. सख्ख्या मावशीचा मुलगा! ज्याने सातव्या वर्षी आमचं भिंतीवरचं घड्याळ उघडलं, परत जोडलं, आणि वर तीन चाकं उरली म्हणून ‘ही जास्तीची होती’ असं सांगितलं, तोच इसम माझ्या शुद्धलेखनावर नजर ठेवून आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

हे पत्र साप्ताहिकाच्या कचेरीतून लिहितेय. इथल्या कीबोर्डावर ‘र’ दोनदा दाबावा लागतो. सदर दर गुरुवारी द्यायचं असतं. एक गुरुवार हाताने लिहून निभावला. खरा खोळंबा माझा नाही, आमच्या थोरल्या बंधूंचा, दादाचा आहे. संगणक सकाळी त्याचा, दुपारी माझा, अशी आमची वाटणी. निवृत्त झाला तरी छापखाना अजून त्याच्याकडे प्रुफं पाठवतो, आणि तो रोज सकाळी शब्द टंकून, पडताळून बघतो. चार दिवस नुसता बंद पडद्यासमोर बसून असतो. जेवायला हाक मारली तर ‘काम चाललंय’ म्हणतो. काय चाललंय, कपाळ?

जाता जाता एक सांगते, जळ थोडा. गेलं वर्षभर माझ्या लेखांत एकही लाल रेघ येत नाही. पूर्वी पानभर यायच्या. पन्नाशीनंतर लेखणी सुधारते, हे लक्षात ठेव.

लवकर दुरुस्त कर.

तुझी,
ताई

•

८ जानेवारी

ताई,

नऊ वर्षं. मी मोजली नव्हती, तुझं पत्र आल्यावर मोजली. शेवटचं आपण बोललो ते आई गेल्यावर, आणि तेव्हाही तू ‘जेवलास का’ एवढंच विचारलं होतंस. मी हो म्हटलं होतं. ते खोटं होतं, पण आता त्याची मुदत संपली असावी.

हो, ते माझंच आहे. दुसऱ्यांच्या प्रोग्रामांना लागणारं काम तयार करून एका गाठोड्यात बांधून ठेवतात, त्याला आम्ही लायब्ररी म्हणतो. आपल्या भाषेचं शुद्धलेखन तपासायचं गाठोडं मी कॉलेजात असताना बांधलं. आता ते कुणाकुणाच्या प्रोग्रामात जाऊन बसलंय मला माहीत नाही. फुकट आहे, त्यामुळे कोणी विचारत नाही. मला पत्रं येतात ती फक्त मोडल्यावर. ‘आज सगळं व्यवस्थित चाललं बुवा’ असं पत्र माणूस कशाला लिहील? त्यामुळे माझ्या टपालावरून बघितलं तर जगात काहीच धड चाललेलं नाही.

असो. आधी संगणक पूर्ण बंद करून पुन्हा चालू कर. हसू नकोस. मग तरी मिटला, तर त्याच ‘तपशील’ बटणाशेजारी ‘अहवाल जतन करा’ असं आहे. ते दाब, जी फाइल होईल ती मला पाठव. ती उघडून वाचायला जाऊ नकोस, नुसते आकडे असतात.

दादाला नमस्कार सांग. त्याला म्हणावं, तुझा खुडबुड्या अजून लोकांच्या वस्तू उघडतोच आहे, फक्त आता चाकं उरत नाहीत.

इथे माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. भिंतीवर एक पाइप आहे, तो मला पाठ आहे.

तुझा,
खुडबुड्या

•

११ जानेवारी

प्रिय खुडबुड्या,

बंद केला, चालू केला. पुन्हा मिटला. पुन्हा क्षमस्व.

अहवाल जोडलाय. तो मिळवताना घरात जे रामायण झालं ते ऐक. मी ‘जतन करा’ दाबायला गेले, तर दादा मागे येऊन उभा. म्हणाला, “काय करतेस?”

“खुडबुड्याला पाठवतेय. तो आतून बघून सांगेल काय झालंय ते.”

“आतून कशाला बघायचं?”

“बाहेरून दिसत नाही म्हणून.”

“नको. माझी कामं आहेत त्यात.”

“अरे, तुझ्या प्रुफांत त्याला काय गोडी? मधमाश्यांचं नाहीतर नळाच्या तोट्यांचं असणार.”

तर त्याने चक्क माझा हात धरून माउसवरून उचलला. दादाने! ज्याने जन्मात कधी आवाज चढवला नाही, प्रुफाच्या कडेला ‘कृपया पाहावे’ असं लिहायचा, त्याने. मग स्वतःच ओशाळला आणि आत जाऊन कपाट आवरत बसला. मी संधी साधली.

म्हातारपणाचे चाळे, दुसरं काय. हल्ली बोलतोही कमी. ‘ते दे’, ‘तिथलं आण’. काय दे, कुठलं आण, ते आपण ओळखायचं. वयाबरोबर माणूस मितभाषी होतो म्हणतात. माझ्याबाबतीत तशी आशा कोणी धरू नये.

तुझ्या भिंतीवरच्या पाइपाबद्दल वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे निदान दोन पाइप आहेत.

ताई

•

१२ जानेवारी

ताई,

सापडलं. आणि मान खाली घालून सांगतो, चूक माझी आहे.

एखादा शब्द प्रोग्रामला माहीत नसला की तो खाली लाल रेघ मारतो. शब्द बरोबर असेल, तर त्यावर क्लिक करून ‘माझ्या शब्दांत घाला’ म्हणता येतं. मग तो शब्द एका वेगळ्या यादीत जातो, आणि पुन्हा कधी त्याच्याखाली रेघ येत नाही. प्रोग्राम सुरू होताना ही यादी आधी वाचतो. मी वीस वर्षांपूर्वी त्या यादीसाठी सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी शब्दांपुरती जागा राखली. मनात म्हटलं, आपल्या पदरचे इतके शब्द कोण माणूस घालणार? आणि यादी त्याहून लांब झाली तर काय, हे विचारलंच नाही.

तुमच्याकडची यादी नेमकी एका शब्दाने जास्त झाली आहे. बसमधल्या शेवटच्या आसनावर आणखी एक जण येऊन बसावा आणि बसच मोडावी, तसं.

वीस वर्षांत कुणाची भरली नव्हती. मला कौतुकच वाटलं. दादाच तो.

तात्पुरता उपाय: ‘माझे शब्द’ नावाची फाइल शोध (कुठे असते ते खाली लिहिलंय), ती उचलून डेस्कटॉपवर ठेव. पुसू नकोस, नुसती हलव. प्रोग्राम उघडेल. आणि त्या फाइलीची एक प्रत मला पाठव, म्हणजे तिच्यावरच पक्की दुरुस्ती पारखून बघता येईल.

खुडबुड्या

•

१४ जानेवारी

खुडबुड्या,

उघडला! दोन मिनिटं मी तुझ्यावर प्रसन्न होते. मग माझा अर्धा लिहिलेला लेख उघडला, तर त्यात एक्केचाळीस लाल रेघा. एक्केचाळीस! गोवर आल्यासारखं पान दिसतं. गेल्या महिन्यात ह्याच लेखात एकही नव्हती. तेव्हा तुझी दुरुस्ती साफ बिघडलेली आहे, ती आधी दुरुस्त कर.

आणि दादाचं ऐक. सकाळी मोठ्या उत्साहाने मी म्हटलं, “ये, बस, झाला सुरू.” तो बसला. दाढी-बिढी करून बसला होता. अर्धं पान टंकलं असेल. मी स्वयंपाकघरातून येऊन बघते तर पान वरपासून खालपर्यंत लाल, आणि हा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघतोय. मग त्याने पुढे होऊन पडद्याचं बटण बंद केलं. संगणक चालू, नुसता पडदा बंद.

“काय झालं रे?”

“हे माझं नाही,” म्हणाला.

“अरे, तोच प्रोग्राम आहे.”

“माझी यादी कुठे आहे? ती परत आण.”

तेव्हापासून त्या खोलीत गेला नाही. दारावरून जातानाही मान वळवून जातो, जसं काही आत कुणी उधारीवाला बसलाय. मला हे बघवत नाही. ती फाइल जोडलीय. तुला काय करायचं ते कर, पण त्याची यादी त्याला परत मिळू दे. त्याच्याकडे दुसरं काय आहे, सांग. बायको नाही, पोर नाही, मी आहे ती अशी.

ताई

•

२१ जानेवारी

ताई,

उत्तराला उशीर झाला. इथे जरा काम निघालं होतं.

यादी मिळाली. दुरुस्ती चालू आहे, मला थोडा वेळ दे. तोवर ती फाइल उघडून बघत बसू नकोस, फार किचकट असते.

दादा हल्ली नेमकं कुणाचं काम करतो? म्हणजे प्रुफं एकट्यानेच तपासतो, की नंतर छापखान्यात कोणी बघतं? सहज विचारलं.

त्याची झोप वगैरे ठीक आहे ना?

खुडबुड्या

•

२३ जानेवारी

खुडबुड्या,

‘उघडू नकोस’ म्हटल्यावर न उघडणारी बाई आपल्या घराण्यात अजून जन्मायची आहे. हे तुला ठाऊक नव्हतं, की ठाऊक असूनच लिहिलंस?

उघडली. किचकट कसली, आरशासारखी आहे. प्रत्येक शब्दापुढे तो घातल्याची तारीख.

चार वर्षांपूर्वी सुरुवात होते. दिवसाला दोन-तीन शब्द: औषधांची नावं, यंत्रांचे सुटे भाग, कुठल्याशा किड्याचं शास्त्रीय नाव. सगळे अचूक. असं वर्ष गेलं. मग एका शब्दाची वेलांटी चुकलेली. मी म्हटलं, असेल, हात घसरला. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोन. मग दिवसाला दहा. मग वीस. ‘व्यवस्था’ अकरा तऱ्हांनी आहे रे, अकरा, आणि अकराही तऱ्हा त्याने ‘माझ्या शब्दांत’ घातल्या आहेत. शेवटी शेवटी तर शब्द असे आहेत की कुठल्या शब्दाचं ते मूल आहे हेच ओळखू येत नाही. अगदी शेवटचा, ज्याने तुझी बस मोडली, तो ‘मधमाशी’ असावा. असावा म्हणते.

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा मारणारा माणूस. स्वतःच्या शब्दांखाली रेघ आली की ती त्याला बघवायची नाही. म्हणून क्लिक. पुन्हा रेघ, पुन्हा क्लिक. सोळा हजार वेळा. पलीकडच्या खोलीत मी, भिंतीला पाठ लावून लोकांवर विनोद लिहितेय.

आणि माझी लेखणी सुधारली म्हणे! त्याच्या चुकांच्या गर्दीत माझ्या चुकाही फुकटात बरोबर ठरत होत्या. काल कचेरीत उपसंपादकाला विचारलं, “माझ्या मजकुरात चुका असतात का हो?” बिचारा टेबलाकडे बघून म्हणाला, “वर्षभर मीच काढतोय बाई. म्हटलं, तुम्ही एवढ्या फाडफाड बोलता, तुम्हाला कोण सांगणार?”

यादीत माझं घरातलं नाव आहे. सात तऱ्हांनी. सातवं तर मी नाहीच.

तुला हे चौदा तारखेलाच कळलं होतं. आठवडाभर तू गप्प बसलास आणि वर विचारतोस, झोप ठीक आहे ना?

ताई

•

२४ जानेवारी

ताई,

चौदालाच कळलं. रोज पत्र लिहायला बसत होतो आणि काम निघत होतं. काम म्हणजे भांडी घासणं. माझ्याकडे दोन ताटल्या आहेत.

सांगितलं नाही त्याचं खरं कारण लिहितो. माझ्या लायब्ररीतले पहिले शब्द कुठून आले माहीत आहे? दादाच्या वह्यांतून. एका सुट्टीत मी तुमच्याकडे राहायला होतो, तेव्हा तू साप्ताहिकाच्या कामात बुडालेली होतीस. दादा संध्याकाळी छापखान्यातून यायचा, हातपाय धुवायचा आणि वही उघडून शब्द सांगायला बसायचा. मी टंकायचो. अडलो की तो शब्द असाच का, ते सांगायचा. कंटाळायचा नाही. ‘व्यवस्था’ लिहायला मी त्याच्याकडूनच शिकलो. मग त्याच्याच यादीत तो शब्द अकरा तऱ्हांनी बघताना मला वाटलं, दाराच्या फटीतून मोठ्या माणसाला कपडे बदलताना पाहिलंय. असं पाहिल्यावर माणूस सांगत सुटत नाही, मागे होतो. मी मागे झालो. ते चुकलं.

आता पुढचं. दोन गोष्टी करता येतात. राखीव जागेची मर्यादा मी काढून टाकली, की दादाची यादी जशीच्या तशी परत घालता येईल. तो काहीही टंकेल, प्रोग्राम गप्प बसेल. किंवा यादी बाजूला राहू दे, आणि प्रोग्राम खरं बोलत राहील, रोज, प्रत्येक ओळीखाली.

कोड दोन्हींचा सोपा आहे. ह्यातलं कुठलं करायचं ते मात्र मला ठरवता येणार नाही. मी तिथे नाही. गेली बारा वर्षं मी कुठेच नाही म्हण.

पण ताई, यादी परत घातली तर त्याचं काम थांबायला हवं. ते तू बघ. छापलेलं पुस्तक मागे घेता येत नाही.

खुडबुड्या

•

६ फेब्रुवारी

प्रिय खुडबुड्या,

डॉक्टरकडे नेऊन आणलं. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, दादाने काढलं. आकडे सगळे एका बाजूला गोळा झाले. मला तुझी उरलेली चाकं आठवली आणि नको तिथे हसू आलं. डॉक्टरांनी मलाही तपासायच्या नजरेने पाहिलं. आजाराचं नाव लांबलचक आहे, ते मी इथे लिहीत नाही. लाल रेघ येईल. गोळ्या दिल्यात. बरं होण्याच्या नाहीत, हळू होण्याच्या.

घरी आल्यावर मी ठरवलं होतं की आडून आडून विचारायचं. पण आडून बोलायची सवय नाही ना. चहा दिला आणि म्हटलं, “दादा, मी यादी बघितली.”

त्याने कप बशीत ठेवला. मग म्हणाला, “सगळी?”

“सगळी.”

“त्यानेही?”

“त्यानेही.”

“हुशार होता तो. विचारायचा.” मग म्हणाला, “मला कळत होतं गं. पहिल्यांदा कळत होतं. रेघ आली की कळायचं, हे चुकलंय. पण बरोबर काय, ते यायचं नाही. मग म्हटलं, निदान... निदान रेघ तरी...” पुढचा शब्द मिळाला नाही. हाताने पुसल्यासारखं केलं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू लिहिशील.”

हे घे. आयुष्यभर मिळालेल्या सगळ्या शेऱ्यांत हा वरचढ. बोचकारायला काही मिळालं की मी लिहिते, हे त्याने बरोबर ओळखलंय. मी म्हटलं, “नाही रे लिहिणार.” तर म्हणाला, “लिहिलंस तर मला दाखव आधी. चुका असतात तुझ्या.”

आम्ही दोघं हसलो. मग तो उठला, आपल्या टेबलाचा खण उघडला आणि एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. मधमाशीपालनाची पुस्तिका, एकशे बारा पानं, प्रुफं. सप्टेंबरात आलेली. ऑक्टोबरात द्यायची होती. पहिली आठ पानं तपासून तपासून काळी केलीत. आधीच्या खुणेवर खूण, खोडलेलं परत, परत खोडलेलं. नवव्या पानापासून पुढे कागद कोरा. छापखान्याच्या मालकाने दोनदा निरोप पाठवला होता, तो दादाने मला कळूच दिला नाही. बरोबर त्याची चिठ्ठीपण आहे: ‘घाई नाही. आपल्या नजरेखालून गेल्याशिवाय छापणार नाही.’ चाळीस वर्षांचा विश्वास; दोन ओळींत मावला.

“त्यांना काय सांगायचं?” मी विचारलं.

“सांगू नकोस,” म्हणाला. “मी करतो म्हणालो होतो.”

एवढंच. शब्द सगळे गेले तरी दिलेला शब्द तेवढा राहिलाय त्याच्याजवळ. कोटी नाही करत, खरंच तेवढंच राहिलंय.

तर माझा निर्णय: मर्यादा काढ. यादी त्याला परत दे. खरं बोलायला घरात मी आहे, यंत्राने कशाला बोलायला हवं? मला मात्र वेगळी, रिकामी यादी दे. माझ्या चुका मला दिसू देत. उशिराने का होईना.

आणि प्रुफांच्या कडेला ज्या खुणा करतात, त्या कुठे शिकायला मिळतात? उपसंपादकाला विचारायची लाज वाटते.

ताई

•

९ फेब्रुवारी

ताई,

नवी आवृत्ती जोडली आहे. आता यादीला मर्यादा नाही. संगणकात जागा आहे तोवर शब्द मावतील. सुरू करताना दोन नावं विचारील, ‘दादा’ आणि ‘ताई’. ज्याच्या त्याच्या नावावर ज्याची त्याची यादी. तुमच्या संगणकापुरती वेगळी बनवायला गेलो होतो, मग वाटलं, अशी घरं आणखीही असतील. सगळ्यांसाठीच केली.

खुणांचा तक्ता पाठवतोय. दादानेच तेव्हा मला काढून दिला होता, कागद पिवळा पडलाय, फोटो नीट आलाय का बघ. माझ्याबरोबर बारा वर्षांत पाच खोल्या हिंडलाय. मी तो का ठेवला, मला विचारू नकोस. मी प्रुफं तपासत नाही.

निम्मी पानं मला पाठवतेस का? मला वेळ आहे. मला वेळच आहे.

आणि रविवारी फोन केला तर चालेल? पत्रात मी बरा असतो. फोनवर काय बोलतात, ते मी विसरलोय.

खुडबुड्या

•

१० फेब्रुवारी

प्रिय खुडबुड्या,

पानं पाठवणार नाही, माझी मला करू दे. फोन मात्र कर. सकाळी अकराला, तेव्हा तो ताजा असतो. एखाद्या शब्दाला अडला तर पटकन पुरवायला जाऊ नकोस. थांब. त्याला चालतं थांबलेलं. मला अजून जमत नाही, मी तोंडात कोंबते.

काय बोलायचं म्हणून विचारशील तर तुझा तो पाइप आहेच की. त्याबद्दल सांग. दादाला वस्तूंची वर्णनं आवडतात.

ताई

•

२ मार्च

प्रिय खुडबुड्या,

तिन्ही रविवारी तू फोन ठेवल्यावर दादा मला विचारतो, “कोण होतं?” आणि मी सांगितलं की म्हणतो, “चांगला बोलतो.” पुढच्या रविवारीही विचारील. तू वाईट वाटून घेऊ नकोस. प्रत्येक वेळी नव्याने आवडतोस, हे भाग्य कितीजणांना मिळतं?

नवी आवृत्ती उत्तम चालली आहे. एकदाही मिटली नाही. सकाळी तो नऊला बसतो, साडेदहाला उठतो. पानभर टंकतो. एकही लाल रेघ नाही. काल मी त्याच्या मागे उभी राहून वाचलं. अर्थ लागला नाही, पण परिच्छेद पाडले होते, प्रत्येक वाक्याला पूर्णविराम होता. लांबून बघितलं तर कुणाचंही लिखाण वाटावं. माझ्या वाट्याचं पान मात्र दुपारभर लाल असतं. एकेक रेघ बघते, शब्दकोश उघडते, सुधारते. गुरुवारचं सदर आता बुधवारी रात्रीपर्यंत जातं. उपसंपादक मजकूर उलटा-पालटा करून बघतो आणि संशयाने विचारतो, “बाई, बरं आहे ना?”

मधमाश्यांना सोळा दुपारी लागल्या. पहिल्या आठ पानांवर दादाच्या खुणा होत्या, त्यांतल्या वाचता आल्या तेवढ्या ठेवल्या, बाकीच्या हळूच झाकल्या. नवव्यापासून मी. तुझा तक्ता समोर टेकवून ठेवला होता. एका पोळ्यात हजारो माश्या असतात आणि त्यांतली म्हातारी झालेली बाहेरची कामं करते, आतल्या आत बसून राहत नाही, असं पुस्तिकेत लिहिलंय. खरं-खोटं लेखकाला माहीत. मी फक्त वेलांट्या बघितल्या.

दादा मधून मधून येऊन खुर्चीमागे उभा राहायचा. एकदा बोट ठेवून म्हणाला, “इथे.” मी बघितलं, काही चूक दिसेना. तो गेल्यावर तिसऱ्यांदा वाचलं, तर दोन शब्द जोडले गेले होते. कसं दिसलं त्याला? मला माहीत नाही. त्यालाही नसावं.

काल गठ्ठा नीट बांधून छापखान्यात गेले. मालक आता म्हातारा झालाय, कानांवर केस आलेत. त्याने दोरा सोडला, पहिलं पान बघितलं, दहावं बघितलं, साठावं बघितलं. त्याला कळलं. चाळीस वर्षं एकाच माणसाच्या खुणा बघितलेल्या डोळ्यांना कळायचं राहील होय? चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होता. मी बोलायला तोंड उघडलं, आणि खुडबुड्या, पहिल्यांदाच माझ्याजवळ एकही खोचक वाक्य नव्हतं.

“दादांनी पाठवलंय,” मी म्हटलं.

“हो का,” तो म्हणाला. पुन्हा साठावं पान बघितलं. “ह्या खुणा जरा मोठ्या करतात आता.”

“नजर कमी झालीय.”

“वयाने होतं.” त्याने आवक-जावकाची वही काढली, पान शोधलं. सप्टेंबरातल्या एका ओळीपुढचा रकाना रिकामा होता. पेन माझ्याकडे दिलं. “त्यांच्यासाठी म्हणून सही करा. पुढचं काम कधी पाठवू?”

“नको,” म्हटलं. “त्यांनी आता थांबवलंय. एवढं एक द्यायचं राहिलं होतं.”

त्याने मान हलवली. मी त्या रकान्यात दादाचं नाव लिहिलं, खाली तारीख घातली. लिहिताना एकदा थांबले, दोनदा वाचून बघितलं. बरोबर होतं. वही मिटून त्याच्या हातात दिली आणि पायऱ्या उतरले.

घरी आले तर दादा दारातच उभा होता. “दिलंस?” म्हणाला.

“दिलं. त्यांचं आता आपल्याकडे काही राहिलं नाही.”

तुझी,
ताई